बर्फावरचा भिकन

सावदा, १९ डिसेंबर १९९४

अक्कास,

पत्राचा मायना मला कधी धड जमला नाही, म्हणून सरळ सांगते. काल दुपारी मी टीव्हीवर एक मुलगा पडताना पाहिला. आज उपकेंद्रात एका बाळाला डोस पाजताना अर्धा डोस त्याच्या कानात गेला. त्याची आई माझ्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं नर्सगिरी केली, असं कधी झालं नव्हतं.

आमच्या ह्यांनी क्रिकेटसाठी केबल घेतली आहे. केळीच्या गाड्या भरून आले की ते खाटेवर पडून मॅच बघतात. काल ते रावेरला गेले होते, मी सहज बटणं फिरवत होते. एका ठिकाणी नुसता बर्फ. रसवंतीवर भुशात ठेवतात तशी लादी नव्हे गं, डोंगरच्या डोंगर. आपला कोंडाईबारीचा घाट वरपासून खालपर्यंत पांढरा करून टाकला तर दिसेल तसा. त्यावरून माणसं पायाला लांब फळ्या बांधून घसरत येतात. वाटेत काठ्या रोवलेल्या असतात. प्रत्येक काठीला वळसा घालायचा, एक चुकली की माणूस बाद. घड्याळ सेकंदाचेसुद्धा शंभर तुकडे करतं. तुला हसू येईल, पण त्या देशांत हा मोठा खेळ आहे आणि पोरं त्यासाठी जन्म घालवतात.

सगळे गोरेपान, त्यात एक सावळा. फार जोरात येत होता. शेवटच्या चार काठ्या राहिल्या असताना त्याची एक फळी रुतली आणि तो असा उडाला की मी खुर्चीवरून उठून ओरडले. शेजारची ताईबाई धावत आली, तिला वाटलं मला विजेचा झटका बसला. लोकांनी त्याच्या डोक्यावरचं टोपडं काढलं आणि अक्का, आतून आपल्या नानांचं तोंड निघालं. त्या जुळलेल्या भुवया. दुखलं की खालचा ओठ दाताखाली धरायची तीच खोड. नानांना खळ्यात विंचू चावला होता तेव्हा ते असेच बसले होते, आठवतं?

जगात एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणतात. तसंच असेल. पण मला राहवलं नाही. जीवराम गुरुजी इकडे लग्नाला आले होते, ते म्हणाले, तुमची अक्का साक्षरतेच्या वर्गात पहिली आली, आता पाटीवरचं काय, पेपरसुद्धा वाचते. ऐकून बरं वाटलं. आता माझं पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

चार ओळी लिही.

कमल

सावदा, ३ जानेवारी १९९५

अक्का,

तुझं उत्तर नाही. नसणारच. वना दाजी वारले तेव्हा मी बाराव्याला दोन तास आले आणि परतीची एस.टी. धरून गेले. तुझ्या भिकूच्या लग्नाला तर तेवढीही आले नाही. कमल शिकली, कमलला माज चढला, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मला ते बरं वाटायचं. माज म्हणून मला शिव्या देतेस तोवर खरं कारण कुणी विचारणार नव्हतं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी सहज बटणं फिरवत नव्हते. ती शर्यत दाखवणार हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी सकाळपासून टीव्हीसमोर बसले होते. त्या मुलाचं नाव लार्स. त्याच्या देशाचं नाव नॉर्वे.

आता बस. उभी असशील तर खाली बस आणि मग पुढचं वाच. तो तुझा मुलगा आहे. बहात्तरच्या दुष्काळात पिंपळनेरजवळच्या मिशनच्या दवाखान्यात तुला झालेला, मेला म्हणून मी तुला सांगितलेला, तो. तो मेला नाही.

हे लिहून मी अर्धा तास उठून गेले होते. परत येऊन वाचलं तर माझंच अक्षर मला ओळखू येईना. तुझं काय होत असेल?

त्या दवाखान्यातली गोरी सिस्टर आठवते ना, इंग्रिड? उन्हाने लालबुंद व्हायची म्हणून तुझी सासू तिला इंगळाबाई म्हणायची. तिने बाळाला आधी मुंबईला औषधपाण्याला नेलं आणि तिथून आपल्या देशी. तिचा भाऊ सुतार, त्याला मूलबाळ नव्हतं. त्याने पोराला वाढवलं. त्यांचं घर डोंगराच्या कुशीत आहे. तिथे सहा महिने बर्फ असतो आणि पोरं शाळेत जातात तीसुद्धा फळ्यांवरून. बापाने तिसऱ्या वर्षी त्याला स्वतःच्या हाताने फळ्या घडवून दिल्या. पहिल्या दिवशी तो थेट गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळला, रडला नाही, फळ्या काढू देईना. नवव्या वर्षी तालुक्याच्या शर्यतीत पहिला आला, बक्षीस म्हणून चांदीचा चमचा मिळाला. चौदाव्या वर्षी त्याला खेळाच्या शाळेत उचललं. आपल्याकडे कुस्तीची पोरं तालमीत राहतात तसं तिथे राहायचं, पहाटे डोंगर, दुपारी पुस्तकं. सोळाव्या वर्षी त्याच्या वयाच्या पोरांत तो अख्ख्या देशात पहिला आला. त्याच साली खांद्याचं हाड मोडलं, तीन महिने घरी बसला. एकोणिसाव्या वर्षी देशाच्या संघात घेतलं. मागच्या हिवाळ्यात जगातल्या सत्तर जणांत तो चोविसावा आला. आपल्या घरात कुणी कशात चोविसावा तरी आला होता का?

मलाही सिस्टरने तो मेला असंच सांगितलं होतं. मला हे सगळं अलीकडे कळलं. माझ्यावर रागवू नकोस.

कमल

सावदा, २० जानेवारी १९९५

अक्का,

तू अजून लिहीत नाहीस. पण जीवराम गुरुजींनी निरोप दिला की पोस्टमनने दोन्ही पत्रं तुझ्याच हातात दिली. म्हणजे तू वाचलीस.

आज सिस्टरचं नाताळचं पाकीट आलं. उशिरा आलं. आत पेपरचं कात्रण होतं, त्यांच्या भाषेतलं, आणि खाली सिस्टरने इंग्रजीत अर्थ लिहिला होता. लार्सचा फोटो, गुडघ्याला पांढरं बांधलेलं. वर मोठ्या अक्षरांत: आईने नको म्हणून दिलेला मुलगा. मी डिक्शनरी काढून प्रत्येक शब्द पुन्हा बघितला. तेच होतं. बातमीदाराने विचारलं, पडल्यावर आधी कोण आठवलं? तो म्हणाला, जिने मला जन्मल्याबरोबर देऊन टाकलं ती बाई. एकदा तिला विचारायचं आहे, माझ्यात काय कमी दिसलं तुला?

हे छापून आलंय. तुझ्याबद्दल, अक्का! तीन पोरं पुरलेल्या तुझ्याबद्दल.

हे वाचल्यावर झाकली मूठ उघडावीच लागते. मागच्या पत्राचा शेवट खोटा होता. मला अलीकडे कळलं नाही. सिस्टर दर नाताळला मला लिहिते, पहिल्या वर्षापासून. पत्रं, फोटो, सगळं माझ्या ट्रंकेत साड्यांखाली आहे. तो तीन वर्षांचा फळ्यांवर उभा, तो चमचा धरून हसणारा, तो खांदा बांधलेला. दर वर्षी मी दार लावून बघायची आणि परत ठेवायची. ह्यांनासुद्धा माहीत नाही.

आता तो दिवस सांगते. तू त्या दिवशी तिथेच होतीस, पण अर्धं तुझ्या कानावर पडलंच नाही.

तुझी तीन मुलं लागोपाठ गेली होती. भिकू अजून झाला नव्हता. चौथा हा, पावणेदोन किलोचा. सासू म्हणाली, "गोरीना वटीमा घाल. तठे यम बी वाट चुकी जाई." आपल्याकडे चालत आलेलं. मूल दुसरीच्या ओटीत घालायचं, तिचं म्हणून सव्वा महिना तिच्याकडे ठेवायचं, मग सुपात धान्य घेऊन तिच्या दारी जायचं आणि पदर पसरून मांगून आणायचं. मांगून आणलेलं पोर, म्हणजे भिकन. त्यावर मृत्यूचा हक्क राहत नाही. तू त्याला सिस्टरच्या मांडीवर ठेवलंस आणि तीनदा म्हणालीस, "तुना शे. मना नही."

मी तेव्हा सिस्टरच्या हाताखाली कामाला होते. ती नवी होती, तिला आपली बोली काय, मराठीही येत नव्हती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, काय म्हणते ही? मी तोडक्या इंग्रजीत म्हणाले, हे मूल तुम्ही घ्या म्हणते. तिने विचारलं, कायमचं?

मी हो म्हणाले.

एक शब्द, अक्का. सव्वा महिन्याचं, सुपाचं, मांगण्याचं मी काहीच सांगितलं नाही. मला लाज वाटली. आठवड्यापूर्वीच कुणीतरी पोट डागलेलं पोर आणलं होतं, ते बघून सिस्टर रडली होती आणि मला म्हणाली होती, कमल, तू तरी असलं काही मानत नाहीस ना? मी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं होतं. ती मला नर्सिंगच्या कोर्सला पाठवणार होती. आता माझीच सख्खी बहीण मूल ओटीत घालतेय आणि ते भीक मागून परत नेणार आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? पुढे समजावू म्हटलं. पुढे कधी आलंच नाही.

आणि दुसरंही आहे, तेही लिहिते. मला वाटलं, तुझ्या घरी हाही मरेल. तिच्याकडे जगेल. यातलं आधी काय मनात आलं ते मला आजही सांगता येत नाही. मला दुसरं कारण आवडतं, म्हणून त्याचाच मला संशय येतो.

सिस्टरने विचारलंय, आई जिवंत आहे का? ऑपरेशन झालंय. सहा महिने त्याला फळ्यांना हात लावायचा नाही, पुढे शर्यतीत उतरता येईल की नाही डॉक्टर सांगत नाहीत. तो इकडे यायचं म्हणतोय. आईला भेटायची इच्छा नसेल तर येणार नाही, असंही म्हणतो.

मी काय लिहू तिला?

कमल

सावदा, ११ फेब्रुवारी १९९५

अक्का,

खाई त्याला खवखवे. मी गेले तीन आठवडे धड जेवले नाही. हे विचारतात, काय झालंय तुला? मी म्हणते पित्त.

मी अजून सिस्टरला उत्तर दिलेलं नाही. चारदा कागद घेतला. पहिल्यांदा लिहिलं, आई वारली. अगदी सोपं होतं. एकदा तुला तो मेला सांगितलं, आता त्याला तू मेलीस सांगायचं, की दोन्हीकडे शांत. पाकीटसुद्धा चिकटवलं होतं. मग फाडलं. फाडताना मला स्वतःचीच भीती वाटली, इतकी सहज मी तिथवर पोहोचले होते.

उरलेलं आज लिहून टाकते. हे लिहिल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस हे मला माहीत आहे.

दहाव्या दिवशी सासूने तुला घरी नेलं. सव्वा महिना पोराकडे बघायचं नाही असं ठरलेलं. तू छातीला फडकं घट्ट बांधून खडी फोडायच्या कामावर गेलीस, फडकं ओलं व्हायचं, मुकादम बघायचा, हे तूच मला सांगितलं होतंस. त्याआधी, आठव्या दिवशी, मी तुझा अंगठा घेतला होता. आठवतंय? औषधाच्या कागदावर म्हणाले होते. तो औषधाचा कागद नव्हता. त्यात लिहिलं होतं की मी हे मूल राजीखुशीने देते. मी तो वाचला होता. शाई मी लावली, तुझा अंगठा माझ्या हातात होता, आणि तो गरम होता कारण तुला ताप होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो दांडा कसा असतो हे मला कुणी सांगायला नको.

सव्वा महिन्यानंतर तू आलीस. सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी. त्या वर्षी तेवढी मिलो म्हणजे घरातल्या दोघांचं दोन दिवसांचं खाणं. नवं लुगडं नव्हतं, पण धुतलेलं होतं. आवाराच्या फाटकात उभी राहून तू हाक मारलीस, "वं माय, मना भिकन दे वं!" हसत होतीस तू. सिस्टर त्याला घेऊन पाच दिवसांपूर्वीच गेली होती.

मी फाटकापाशी आले आणि म्हणाले, अक्का, तो मेला.

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला कळलं नाही. वाटेभर ठरवलं होतं की मुंबईला नेलाय, येईल, असं सांगायचं. तू विचारलंस, "कठे शे?" आणि मी तुला हाताला धरून दवाखान्याच्या मागे नेलं, बाभळीखाली, आणि एक ताजा उंचवटा दाखवला.

तो त्याचा नव्हता. अक्का, तिथे दुसऱ्याचं मूल आहे. डोंगरातल्या पाड्यावरची तानुबाई म्हणून होती, तिची चार दिवसांची मुलगी. ती बाई त्याच आठवड्यात कामाच्या शोधात गुजरातेत गेली.

गुरुजींनी सांगितलं, तू दर वर्षी तिथे दिवा लावायला जातेस. बावीस वर्षं. मला हे माहीत नव्हतं. लग्नाच्या मांडवात ते सहज बोलून गेले, तुमची अक्का मोठी मायाळू. तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं, आणि तरी पहिल्या पत्रात नानांच्या भुवया नि विंचू सांगत बसले.

मला कोर्सला पाठवलं गेलं. सिस्टरनेच शिफारस केली होती. त्याच पगारावर मी उभी आहे.

मी क्षमा मागत नाही. मागायची वाट मीच ठेवली नाही. तू सांगशील ते मी सिस्टरला लिहीन. येऊ नको म्हणालीस तर तसं लिहीन. पण तुझ्याकडून आलं पाहिजे. आता मी तुझ्या वतीने एक अक्षरही बोलणार नाही.

कमल

पिंपळनेर, १ मार्च १९९५

कमल,

तुना पत्र मीच वाचात. बठ्ठा वाचात. चौथाले तीन दिन लागनात. भिकूले दखाडा नही.

पहिले सांग त्याना गुडघा कसा शे. चालस का. लाकडी लिसन चालस का तसाच. ते तू लिखं नही.

तो बर्फ मी भिकूना घरना टीव्हीवर धुंडा. सापडना नही.

बाभूयखाले मी काल गऊ. दिवा लावा. ती पोरना शे ना, मंग तिले लावा. तानुबाईना गाव कोनता ते लिख. ती जित्ती व्हई तं तिले सांगनं पडी, तुनी पोर एकली नही पडनी म्हनी.

आते त्याले लिख. तुना हातनी लिख. मायनी दिन्हा नही, मावशीनी दिन्हा. असाच लिख. इंगळाबाईले बी लिख. तुना नाव लिख, कागद कोनी वाचा, अंगठा कोनी धरा, बठ्ठा लिख. काही झाकू नको. त्यामा काय कमी व्हतं इचारस तो. काहीच कमी नव्हतं म्हन.

ते पत्र पोस्टमा टाकाना पहिले माले धाड. मी वाचसू. मंग टाक.

तो येस तं येऊ दे. मी ष्टँडवर उभी राहसू, सक्कायपासून. त्याले मना बोलनं समजाव नही, माले त्यानं समजाव नही. चाली. बोलनारी मधमा कोनी नको. मांगे एक व्हती.

तू येऊ नको.

द्रौपदा